खाणीतलं पाणी

१२ जानेवारी

दादा,

तीर्थरूप वगैरे लिहायला घेतलं होतं, पण लगेच तुझा चेहरा दिसला. "एवढा मान देतेय म्हणजे हिनं नक्की काहीतरी करून ठेवलंय." तर हो, करून ठेवलंय. मी घर बदललं, गावही बदललं. तुझ्याकडे येऊन राहायचं म्हणून तू सगळी तयारी केली होतीस, माझ्या खोलीला पडदेसुद्धा लावले होतेस असं वहिनी म्हणाली. आणि मी येऊन राहिलेय एका दगडखाणीच्या गावात. फोन केला तर तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र दारात पडलं की उचलावंच लागतं.

गावाच्या एका टोकाला डोंगर आहे. म्हणजे अर्धा आहे. उरलेला अर्धा लोकांच्या घरांत, पुलांत आणि रस्त्यांत गेला. खाण बंद होऊन बरीच वर्षं झाली. दुसऱ्या टोकाला एक लहानसा दवाखाना आहे. खाणीत राबलेल्या माणसांच्या छातीत दगडाची धूळ बसते, ती कुठल्याच औषधानं निघत नाही. घरी निभेनासं झालं की अशी माणसं इथे येऊन राहतात. परत जाणारे थोडेच. दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरबाई माझ्याहून कितीतरी लहान आहेत, पण दटावतात अशा की मला आपली आई आठवते. त्यांनी माझं गेल्या वर्षीचं प्रदर्शन पाहिलं होतं. हो, तेच. ज्याच्या दारातून तू परत गेलास.

ते असो. ते आत्ता नको.

दवाखान्यात एक खोली त्यांनी मुद्दाम मोकळी ठेवलीय. इथे निरनिराळ्या देवांना मानणारी माणसं आहेत, आणि कुणालाच न मानणारीही. म्हणून त्या खोलीत मूर्ती नाही, पोथी नाही, दिवा नाही. चार बाकं, आणि समोर पांढरी भिंत. सगळे तिला 'गप्प बसायची खोली' म्हणतात, आणि तिथे चिटपाखरूही फिरकत नाही.

"पांढरी भिंत बघून माणसं दारातूनच परततात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दवाखान्यात दुसरं असतं काय? तुम्ही तिथे काहीतरी काढा."

"काय काढू?"

"ते मला कळत असतं तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता?"

मला हे उत्तर फार आवडलं, म्हणून मी आले. माझी खोली एका सुताराच्या दुकानावर आहे. दिवसभर खाली रंधा चालतो आणि जिन्याला ताज्या भुशाचा वास येतो. अक्षर वाकडंतिकडं आलंय ते टेबलामुळे, त्याचा एक पाय आखूड आहे. सुताराच्या घरात लंगडं टेबल! बोललं तर राग येईल म्हणून बोलत नाही.

मी बरी आहे. खरंच बरी आहे.

तुझी ठमी

३० जानेवारी

दादा,

उत्तर नाही. हरकत नाही. वहिनी फोनवर म्हणाली की तू पत्र वाचलंस, घडी केलीस आणि चष्म्याच्या डबीखाली ठेवलंस. टोपलीत नाही गेलं ना, मग झालं तर.

मी कामाला लागलेय. आधी माणसं काढावीत, भिंतीचं नंतर बघू, असं ठरवून वहीपेन्सिल घेऊन वॉर्डात बसते. पहिले तयार झाले ते बारवाले. दचकू नकोस, दारूच्या बारचे नव्हेत. दगडाला भोक पाडून त्यात दारू ठासायची आणि बार उडवायचा, हे त्यांचं काम. म्हणजे दारू आलीच, पण ती वेगळी. हा विनोद माझा नाही, त्यांचा आहे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते तो ऐकवतात. त्यांना एका वेळी चार-पाच शब्दांहून जास्त बोलता येत नाही, मध्ये थांबून श्वास गोळा करावा लागतो. "दम कमी आहे," ते म्हणतात, "म्हणून फक्त महत्त्वाचं बोलतो." आणि महत्त्वाचं म्हणजे विनोद.

त्यांना खोकल्याची उबळ आली तेव्हा मी समोर होते. ते खाटेच्या कडेला ओणवे झाले, दोन्ही हात गादीत रुतले, पाठीचे मणके सदऱ्यातून वर आले. मी काढलं. तू म्हणशील, काढवलं कसं? हात आपोआप चालतो, दादा. चित्र चांगलं उतरलं. कितीतरी दिवसांनी माझं मला वाटलं की हे जमलं.

त्यांच्या बायकोला इथे सगळे काकू म्हणतात. उंच, काटक बाई, रोज सकाळी बसनं येतात आणि संध्याकाळच्या बसनं जातात. त्यांनी वही हातात घेतली.

"हा कोण?"

"हे तुमचेच. सकाळी काढलं."

"नाही. हे आमचे नव्हेत."

"काकू, मी समोर बसून काढलंय. असेच दिसत होते."

"खोकताना दिसतात असे. माणूस दिवसभर खोकत बसतो का? बाकीच्या वेळचा कोण काढणार?"

मला राग आला. सगळं आयुष्य मी माणसाचं दुखणं काढत आले. लोक तोंड फिरवतात तिकडे आपण बघायचं, हाच माझा धर्म असं मी समजते, आणि ही बाई मला शिकवणार? मी म्हटलं, "दुखणं आहे ते नाही कसं म्हणायचं?" त्या म्हणाल्या, "नाही म्हणा असं मी कुठे म्हणतेय? मी रोज ते पुसते, धुते, वाळत घालते. मला ते भिंतीवर बघायचं नाही, एवढंच." आणि वही माझ्या मांडीवर ठेवून फळं चिरायला बसल्या.

खाटेवरून आवाज आला, "मला आवडलं." मग श्वास. "माझी पाठ... मी कधी बघितलीच नव्हती."

ते चित्र मी फाडणार नाही. खरं आहे ते. पण रात्रंदिवस जिथे खोकलाच ऐकायचा तिथे समोर पुन्हा खोकलाच टांगायचा का, हे काही मला ठरवता येत नाहीये. तुला वाटेल, आली अक्कल. अक्कल नव्हे, नुसती शंका आलीय.

ठमी

१९ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या दिवसांनी लिहिलंस आणि एकच ओळ: "टेबल दुरुस्त करून घे, की टेबल हे नुसतं निमित्त आहे?"

निमित्त आहे. लहानपणीही तुझ्यापासून काही लपायचं नाही. उजवा हात थरथरतो. गेला उन्हाळाभर थोडा थोडा, आता बराच. डॉक्टरबाईंनी तपासलं, दुसऱ्या डॉक्टरांकडेही पाठवलं. जिवावरचं नाही, पण जाणारंही नाही, असं दोघांचं म्हणणं. तुला सांगितलं नाही, कारण तू पुढच्या गाडीनं येऊन मला सामानासकट उचलून नेलं असतंस.

बारीक ब्रशनं आता डोळ्याची पापणी काढता येत नाही. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी धुलाईघरात जाऊन पुष्कळ रडले. (दवाखान्याचं धुलाईघर मोठं आहे, एक बाजू मोकळी आहे, तीच मला कामाला दिलीय. बायका चादरी पिळत असतात, वाफ असते, रडलेलं कुणाला कळत नाही.) मग डोळे पुसून पॅलेट नाईफ हातात घेतला. रंग लावायची ती पातळ सुरी रे, तू एकदा तिनं लोणी लावलं होतंस आणि मी घर डोक्यावर घेतलं होतं. सुरीला थरथर कळत नाही. ती ओढली की रंग ओढला जातो, आणि कडा तुटक येते, दगडासारखी. उरलंसुरलं मी फडक्यानं आणि डाव्या हाताच्या बोटांनी करते. सांगू का? मजा येते. पहिलीच्या वर्गात गेल्यासारखं वाटतं.

आता ते दुसरं. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

माझे यजमान गेल्यावर, सगळं आटोपून आपण घरी आलो तेव्हा तू बोललास, "माणूस मरत होता आणि तू शेजारी बसून रंग कालवत होतीस." वहिनीसमोर, शेजाऱ्यांसमोर. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि तुला वाटलं मला उत्तर नाही. उत्तर होतं. ऐक.

त्यांचं दुखणं कळलं त्या दिवशी मी सगळे रंग बांधून माळ्यावर टाकले होते. नुसती उशाशी बसायचे. एक दिवस ते वैतागून म्हणाले, "तू अशी बघत बसलीस ना, की मी पेशंट होतो. पेन्सिल घेऊन बघायचीस तेव्हा मला नाक, कान, हनुवटी असायची. काढ की मला." मी नाही म्हटलं. त्यांनी खालच्या मजल्यावरच्या मुलीला हाक मारून माळ्यावरचं गाठोडं उतरवून घेतलं. मग आमचं रोज भांडण. "नाक एवढं मोठं नाहीये माझं." "आहे." "आरसा आण." आरसा आणला, नाक तेवढंच निघालं. ते म्हणायचे, "तू काढायला बसलीस की हे दुखणं उठून त्या खुर्चीवर जाऊन बसतं. जात नाही, पण जरा लांब बसतं."

प्रदर्शन मांडलं ते मात्र माझं ठरवणं. त्यांची शेवटची इच्छा वगैरे मी म्हणणार नाही. चित्रं चांगली होती, अजूनही आहेत, म्हणून मांडली. तू ती बघितलीच नाहीस, दादा. न बघता रागावलास. मला लागलं ते त्याचं.

बस. आता लिहून हात दुखला.

ठमी

८ मार्च

दादा,

चार पानी पत्र! त्यातली तीन पानं हाताच्या व्यायामाची, आकृत्यांसकट. आयुष्यभर पूल बांधलेस, आता बहिणीचं मनगट बांधायला काढलंस. रबरी चेंडू मिळाला. दाबते आहे. माझ्या मागच्या पत्राबद्दल चौथ्या पानावरही अवाक्षर नाही. म्हणजे नीट वाचलंयस.

इकडे भिंतीवर काय यावं यावरून वॉर्डात दोन तट पडलेत. डोंगर यावा यावर सगळ्यांचं एकमत. पण कुठला डोंगर? एक डंपरवाले आहेत, पलीकडच्या खाटेवर, तगडा माणूस, आता नुसता सांगाडा. त्यांचं म्हणणं, डोंगर अख्खा काढा, पहिल्यासारखा, हिरवागार, वर झाडं. बहुतेक सगळे त्यांच्या बाजूचे. बारवाले एकटे म्हणतात, आत्ता आहे तसा काढा.

"फुटका डोंगर कोण बघणार?" डंपरवाले ओरडले. ओरडले म्हणजे कुजबुजलेच, पण चेहरा ओरडल्याचा.

"मी बघणार," बारवाले म्हणाले. "मीच फोडलाय."

मी म्हटलं, अख्खा डोंगर मी पाहिलेला नाही, आणि न पाहिलेलं मला काढता येत नाही. डंपरवाल्यांनी माझ्याकडे पाठ केली. अजून बोलत नाहीत. तुमची जमात मला सगळीकडे भेटते.

मग बारवाल्यांनी हट्ट धरला की मला खाण त्यांनीच दाखवायची. डॉक्टरबाई आधी नाही म्हणाल्या, मग दवाखान्याची गाडी दिली. मध्ये ऑक्सिजनचं नळकांडं, पाहुण्यासारखं पट्टा लावून बसवलेलं, एका बाजूला बारवाले, एका बाजूला काकू. काकू वाटभर खिडकीबाहेर बघत होत्या. त्या इतक्या वर्षांत खाणीवर कधी आल्याच नव्हत्या.

दादा, कसं सांगू तुला. मला वाटलं होतं, एक भलीमोठी जखम बघायला मिळेल. कठड्याशी गेलो तर खाली पाणी. खोलवर, हिरवं-निळं, जराही न हलणारं. खाण बंद झाली, पंप थांबले आणि तळातून झरे वर आले. भोवती राक्षसाच्या जिन्यासारख्या कापलेल्या पायऱ्या, एका पायरीवर राखी दगड, दुसरीवर तांबूस, मध्येच काळा. दगडात बारासाठी पाडलेली जुनी भोकं होती, ओळीनं, आणि त्यांतून पाकोळ्या आतबाहेर करत होत्या. त्यांनी घरटी केलीयत तिथे.

"ती वरची ओळ... माझी," बारवाले म्हणाले. "सरळ आहे बघा."

मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं. पहिला बार उडवला तेव्हा ते अगदी पोरसवदा होते. डोंगराची भिंत सावकाश पुढे कलली आणि कोसळली, धूळ उठली. धूळ बसेपर्यंत कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, असा दंडक होता. धूळ बसली तर आत एक निळा पट्टा. ओल्या पाटीसारखा निळा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"जगात कुणीच... बघितला नव्हता तो. पहिला मी."

मी विचारलं, "तुम्ही देव मानता का हो?"

"लोक म्हणतात, सगळ्याच्या आत असतो. मी अख्खा डोंगर... उघडून बघितला."

"मग?"

"दगडच होता." श्वास. "पण दगड काय... साधा होता का?"

"म्हणजे मानता की नाही?"

"बाई, मला दम लागतो. एवढं मोठं उत्तर... मी देत नाही."

मी हसले. काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तोच दगड छातीत घेऊन बसलाय हा माणूस, आणि कौतुक बघा त्याचं." वळल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. परत येताना त्यांचा हात मात्र बारवाल्यांच्या हातावर होता, नळकांड्याच्या वरून.

ठमी

२ मे

दादा,

पुष्कळ दिवस लिहिलं नाही. काम चाललं होतं.

कॅनव्हास भिंतीएवढा, धुलाईघरात उभा केला. पाऊल उचललं की साबणाचं पाणी, हात उचलला की ओल्या चादरी. धुणाऱ्या बायका येताजाता मतं देत. मी राखी रंगाचे थर सुरीनं ओढत गेले, वाळू दिले, खरवडले, पुन्हा ओढले. कधी सुरी भलतीकडे जायची आणि आधीपेक्षा बरं काहीतरी घडायचं. एकदा डोक्यात आलं की खाणीतली धूळच रंगात कालवावी. मला ती कल्पना फार थोर वाटली. काकूंना सांगितली. त्या म्हणाल्या, "ती धूळ जन्मभर माझ्या उंबऱ्यातून आत आली. अंथरुणात आली, पाण्याच्या भांड्यात आली. तुम्हाला ती पुन्हा वापरायचीय?" मी नाही कालवली.

बारवाले रोज दुपारी चाकाच्या खुर्चीतून यायचे आणि वाफेत बसायचे. वाफेनं छाती जरा मोकळी होते म्हणायचे. निळा पट्टा मी तीनदा काढला आणि तीनदा त्यांनी मान हलवली, नाही. चौथ्यांदा मान हलली नाही. मी वळून बघितलं तर डोळे भरलेले. "वाफ," ते म्हणाले.

पाणी मात्र त्यांना पटेना. "उथळ वाटतंय. पाय टेकतील... असं वाटतंय." हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी काकूंना उशी सरळ करायला सांगितली, आणि काकू उशी सरळ करून पुढे येईपर्यंत गेलेले होते. त्रास झाला नाही. डंपरवाले, जे त्यांच्याशी रोज भांडायचे, ते खाट भिंतीकडे वळवून घेऊन तसेच पडून राहिले.

मी काम थांबवलं नाही. तुला हे ऐकून काय वाटेल कोण जाणे. मी धुलाईघरात गेले आणि पाणी काढत राहिले. पातळ रंगाचा थर, तो वाळला की त्यावर दुसरा, खालचा दिसत राहील असा. प्रत्येक थराला वाटायचं, आता झालं. आणि मग वाटायचं, नाही, अजून पाय टेकतोय. कित्येक वर्षं मी माणसाच्या चेहऱ्यावर दुःख शोधत आले आणि तिथेच थांबले. आता वाटतं, त्याच्या खालीही काहीतरी असतं, न हलणारं, थंड. त्याला देव म्हणावं की पाणी म्हणावं, मला ठाऊक नाही. बारवाल्यांच्या भाषेत, मी एवढं मोठं उत्तर देत नाही.

चित्र गेल्या आठवड्यात लागलं. भिंत भरली. आधी कुणी आत येईना, दारातून डोकावायचे. मग डंपरवाल्यांनी स्वतःला आत आणवून घेतलं. बराच वेळ बघितलं, आणि मला म्हणाले, "माझा डंपर इथे उभा असायचा." बोट एका तांबूस पायरीवर. मागच्या चाकाच्या खुर्चीतला म्हणाला, "छे, तिथे नाही, त्याच्या खाली." झालं. तेव्हापासून गप्प बसायच्या खोलीत सगळ्यांत जास्त गोंगाट असतो. कोण कुठे उभा असायचा, कुठे जेवायला बसायचे, कुठे घसरला, कोण कुणावर हसला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मी प्रार्थनेसाठी केली होती ही खोली." मी म्हटलं, "मग हे काय चाललंय?" त्या दारात उभ्या राहून ऐकत राहिल्या.

काकू परवा आल्या. आता त्यांना रोज यायचं कारण नाही, तरी बसनं आल्या. सगळे जेवायला गेल्यावर एकट्या बाकावर बसल्या. मी दारातून परतत होते, तर म्हणाल्या, "या, बसा."

बसले.

"पाणी खोल काढलंत."

"हो. त्यांचंच म्हणणं होतं."

काकूंनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "त्यांना पोहता येत नव्हतं. एवढे डोंगर उडवणारा माणूस, गुडघाभर पाण्यात घाबरायचा. लग्नानंतर आम्ही एकदा नदीवर गेलो, तर माझा पदर धरून उभा!" आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी, आणि मग ते हसण्याचं पाणी राहिलं नाही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो थरथरत होता, पण त्यांना ते कळलं नसावं, त्याही थरथरत होत्या.

तू येतोयस असं वहिनी म्हणाली. खरं का? मी काही विचारलेलं नाही. ये.

ठमी

२५ जून

दादा,

पोचल्याचं कळलं. गाडीत जागा मिळाली हे बरं झालं.

तू इथे चार दिवस होतास, सगळं तुझ्या समोर घडलं, आता मी काय नवीन लिहिणार? टेबलाचा पाय तू आल्या आल्या ठाकठीक केलास, सुतार अजून तोंड फुगवून आहे. डंपरवाले विचारत होते, "ते पूलवाले परत कधी येणार?" तुम्ही दोघं त्या चित्रासमोर उतार आणि वजनं यांवरून जे भांडलात त्यानं त्यांना चार दिवस तरतरी आली. काकूंनी तुला कोमट पाणी प्यायला सांगितलंय.

पण एक गोष्ट तुला ठाऊक नाही, कारण तू पाठमोरा होतास.

शेवटच्या सकाळी मी आत चहा टाकत होते. तुला वाटलं, मला भांड्यांच्या आवाजात काही कळणार नाही. तू कपाटामागचा तो मोठा पुठ्ठ्याचा खोका हळूच ओढलास, दोऱ्या सोडल्यास आणि त्यांची चित्रं एकेक करून खाटेवर मांडलीस. मी सांगितलं नव्हतं. आणि विचारणारही नव्हते, मी तेवढी हट्टी आहे. चहा उतू गेला, मी गॅस बंद केला आणि तिथेच उभी राहिले.

तू प्रत्येक चित्रापाशी थांबलास. पहिल्या एक-दोन चित्रांपाशी तुझे खांदे आखडलेले होते, डॉक्टरकडे गेल्यासारखे. मग हळूहळू सैल झाले. आरसा हातात घेतलेलं ते चित्र तू उचललंस, खिडकीशी नेलंस. किती वेळ! मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. आणि तू माझ्याशी नाही, त्यांच्याशीच बोललास, पुटपुटलास, "अरे, हा तर हसतोय."

मग नाकाला बोट लावून म्हणालास, "नाक जरा मोठंच काढलंय."

त्यांच्या बाजूचा आणखी एक निघाला, मी मनात म्हटलं, आणि दाराला टेकून इतक्या सुखानं उभी राहिले की चहा गाळायचं सुचेना. तू म्हणालास, "एवढा वेळ लागतो का चहाला?" मी काही दाखवलं नाही. तूही नाही दाखवलंस. आपल्या घराण्यात ती पद्धत नाही.

तू गेल्यावर मी तुला काढलं. न विचारता. खिडकीशी पाठमोरा, किंचित वाकलेला, हातात कागद. कोळशानं काढलंय. रेषा जागोजागी थरथरल्यात, त्यामुळे तू चित्रात श्वास घेतोयस असं दिसतं. पाठ चांगली उतरलीय. तू ती कधी बघितली नसशील, म्हणून सोबत पाठवते.

आवडलं तर ठेव. नाही आवडलं तर परत पाठव, पण मग काय आवडलं नाही ते सविस्तर लिही.

तुझी
ठमी